अर्थिंगची पिन कापू नका
“अ‍ॅम्प घूंऽऽ करतोय? अर्थिंगची पिन काढून टाक.” हा सल्ला मला दुकानदारानेही दिला आणि बँडमधल्या मित्रानेही. कधीकधी आवाज जातोही. पण ट्यूब अ‍ॅम्पच्या आत थेट मेन्सची वीज येत असते. आत काही बिघडून ती चेसिसवर आली, तर जमिनीकडे जायला एकच वाट उरते: गिटारची तार आणि तिच्यावरची तुमची बोटं. बग सापडत नाही म्हणून अलार्मच बंद करायचा, त्यातला हा प्रकार!

अरे, आधी ऐका तरी. केबल काढल्यावर अ‍ॅम्प शांत झाला, तर दोष गिटारकडचा. नाही झाला, तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप उघडा. आपली वीज ५० हर्ट्झची. घूं ५० वर असेल तर संशय हीटरच्या वायरिंगवर किंवा ग्राउंड लूपवर. १०० वर असेल तर पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरवर.

मी हे न करता आधी ट्यूब्ज बदलल्या. पैसे गेले, घूं तिथेच. निघाला म्हातारा झालेला कपॅसिटर. तो मात्र जाणत्याकडूनच बदलून घेतला, कारण प्लग काढल्यावरही तो चार्ज धरून बसतो.