अपथ्य कोणाचें?

गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी कागदांची पिशवी घेऊन घरीं आला. शाळेंत तो शेवटच्या बांकावर बसे. संस्कृतचीं रूपें त्यास कधींच साधलीं नाहींत. पण गृहपाठ न केल्याचें खोटें कारण त्यानें कधीं सांगितलें नाहीं. पुढें तो पायदळांत भरती झाला व चोवीस वर्षें नोकरी करून २०१९ सालीं हवालदार म्हणून परत आला. सोबत मधुमेह आला. “गुरुजी, एवढे इंग्रजी कागद वाचून सांगा. भीक मागायची नाहीं; काय लिहिलें आहे तें कळलें म्हणजे झालें,” असें तो म्हणाला.

कागदांत होतें तें थोडक्यांत असें : निवृत्तीच्या वेळीं वैद्यकीय मंडळानें त्याचें अपंगत्व शेकडा २० ठरविलें, परंतु रोग नोकरीमुळें झालेला नाहीं, नोकरीमुळें वाढलेलाही नाहीं, तो राहणीचा विकार आहे व शांततेच्या ठिकाणीं नेमणूक असतां आढळला, सबब अपंगत्वाचें पेन्शन नाहीं.

खरें सांगावयाचें तर प्रथम मलाही मंडळाचें म्हणणें पटलें. आमच्याच घरीं तीन पिढ्या मधुमेह आहे, आणि आमच्यांतील कोणीं कधीं बंदूक हातीं धरलेली नाहीं. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्मतःच लाभलेला, व दुसरा अपथ्यामुळें झालेला. आजचे वैद्यही कुल आणि राहणी हीं दोन कारणें सांगतातच. पण शिपायाच्या बाबतींत अपथ्य कोणाचें, हा प्रश्न निराळा होतो. आपण भात कमी वाढून घेऊं शकतों, सायंकाळीं फिरून येतों, वेळेवर निजतों. बर्फांतल्या चौकीवर जें अन्न पोंचेल तें खावें लागतें, झोंप पहाऱ्याच्या पाळीवर अवलंबून, आणि औषधाची वेळ टळली तर टळली.

लष्करी वैद्यांकरितां सरकारनेंच काढलेल्या मार्गदर्शिकेंत (२००२ ची, २००८ सालीं सुधारलेली) हें मान्य केलेलें आहे. मनावरील ताण, अयोग्य आहार, नोकरीमुळें उपचारांत पडणारा खंड, यांनीं हा रोग उद्भवतो किंवा बळावतो असें ती सांगते. आणि रणक्षेत्रांत, अतिउंच प्रदेशांत किंवा दीर्घकाळ जहाजावर असतांना त्याचा प्रारंभ झाला असेल तर तो नोकरीमुळें वाढला असें धरण्यास ती सांगते.

म्हणजे सगळें ‘प्रारंभ’ या शब्दावर आलें. दुसऱ्या दिवशीं त्याची पत्नी घरांतील पत्र्याच्या पेटींतून आणखी चिठ्ठ्या घेऊन आली. त्यांत उंचावरील चौकीच्या डॉक्टरची एक चिठ्ठी होती : फार तहान, वजन घटलें, खालीं उतरल्यावर रक्ताची साखर तपासावी. तपासणी झाली ती दहा महिन्यांनीं, सपाटीवरील रुग्णालयांत. आणि मंडळानें तीच तारीख धरली. रोग सुरू झाल्याचा दिवस व तो आढळल्याचा दिवस एक नव्हे, हें कांहीं लङ् आणि लुङ् यांच्या भेदाइतकें सूक्ष्म नाहीं.

न्यायालयांचे निकालही अशा माणसास अनुकूल आहेत. जुलै २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, फेंफरें येणाऱ्या एका शिपायाच्या दाव्यांत, असें ठरविलें कीं भरतीच्या वेळीं रोगाची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असें गृहीत धरावें, आणि उलट म्हणणाऱ्या मंडळानें कारणें द्यावींत. मार्च २०२५ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें मधुमेहाच्याच दाव्यांत, रोग शांततेच्या ठिकाणीं आढळला एवढ्यानेंच हक्क जात नाहीं, असा निर्णय दिला. प्रत्येक दावा जिंकतोच असें मात्र नाहीं. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून नियमावली नवी आहे. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनीं तीच पाहिली पाहिजे. आमच्या हवालदारास २००८ चे नियम लागू. त्यांत निवृत्तीनंतर पंधरा वर्षें लोटलीं व नोकरीचे कागद नष्ट झाले कीं पुराव्याचा भार दावेदारावर पडतो. म्हणून “पाहूं पुढें” म्हणणें बरें नव्हे.

रक्कम लहान नाहीं. शेकडा १०० अपंगत्वास शेवटच्या पगाराच्या शेकडा ३० हा दर. आणि शेकडा २० अपंगत्व ५० धरण्याची सवलत निवृत्त झालेल्यांसही आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१४ मध्यें सांगितलें. पगार ४०,००० धरला तर महिन्यास ६,००० होतात. बाजारांतील एका गृहस्थानें हें काम करून देण्यास थकबाकीचा चौथा हिस्सा मागितला होता! जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतील कारकुनानें एक पैसा न घेतां अर्जाचा नमुना दिला व तो कोठें धाडावा तें लिहून दिलें. मंडळाच्या संपूर्ण कागदांची प्रत माहितीच्या अधिकाराखालीं मागविली. पहिल्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत केव्हांच टळली होती, म्हणून विलंब माफ व्हावा असा निराळा अर्ज जोडला.

मसुदा मीं लिहिला. जुन्या सवयीनें शेवटीं “कृपाळू होऊन विचार व्हावा” असें लिहून गेलों. हवालदारानें तो भाग दोनदां वाचवून घेतला व म्हणाला, “गुरुजी, ही ओळ खोडा. चौकीवर मला कोणीं कृपेनें ठेवलें नव्हतें.” मीं ती खोडली. माझ्या मसुद्यांत विद्यार्थ्यानें दुरुस्ती करण्याचा हा पहिलाच प्रसंग.

अपील सोमवारीं टपालानें गेलें. उत्तर अद्याप नाहीं. नकार आला तर दुसरें अपील, आणि तेंही फेटाळलें गेलें तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचें मुंबई खंडपीठ. टपालाची पावती त्याच्या पत्नीनें त्याच पेटींत ठेवली आहे.