वाहकता कशी मोजतात?

पौषातल्या पहाटे, रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या पितळी तांब्याला आणि लाकडी पाटाला हात लावून पाहा. तांब्या गारठलेला वाटेल, पाट तसा वाटणार नाही. वस्तुतः दोघांचे तापमान एकच असते. पितळ हातातील उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड ती सावकाश घेते, एवढाच काय तो फरक. काश्मिरात फेरनखाली जवळ धरावयाच्या कांगडीत निखाऱ्यांचे भांडे मातीचे आणि त्यावरचे आवरण विणलेल्या काड्यांचे असते, ते याच अनुभवामुळे. परंतु कोणता पदार्थ दुसऱ्याच्या किती पट वाहक आहे, हे हाताला सांगता येत नाही. त्यासाठी मापच हवे.

अठराव्या शतकात यान इंगेनहाउस या डच वैद्याने यासाठी एक सोपी युक्ती योजिली. निरनिराळ्या धातूंच्या सारख्या जाडीच्या तारांवर त्याने मेणाचा थर दिला आणि त्यांची एकेक टोके उष्ण द्रवात बुडविली. ज्या तारेवरील मेण अधिक दूरपर्यंत वितळले, ती अधिक चांगली वाहक. पुढे गणिताने असे दाखविले की, सर्व काही स्थिरावल्यावर वितळलेल्या भागाच्या लांबीचा वर्ग वाहकतेच्या प्रमाणात असतो. म्हणजे एका तारेवर मेण दुप्पट लांबीपर्यंत वितळले, तर तिची वाहकता चौपट समजावी.

लाकूड, रबर, पुठ्ठा अशा दुर्वाहकांसाठी वेगळी रीत आहे. पदार्थाची पातळ चकती वाफेचे पात्र आणि पितळेची तबकडी यांच्यामध्ये ठेवतात. तापमाने स्थिर झाली की चकतीतून जेवढी उष्णता खाली येते, तेवढीच तबकडी भोवतालच्या हवेला देत असते. तबकडी किती वेगाने निवते हे मग स्वतंत्रपणे मोजले की उत्तर मिळते. अशा मापनांतून कळते की, वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात तांब्याची वाहकता सुमारे ४००, ॲल्युमिनियमची २३७, लोखंडाची ८०, स्टेनलेस पोलादाची अवघी १५ आणि स्थिर हवेची ०.०२६ आहे. स्टेनलेसच्या पातेल्याला बुडाशी तांब्याचा थर का देतात, हे या आकड्यांवरून गृहिणींच्या सहज ध्यानात येईल.

विजेची वाहकता मोजणे वरवर सोपे वाटते. तारेतून ज्ञात प्रवाह सोडावा, दोन टोकांमधील विद्युद्दाब मोजावा आणि भागाकार करावा, की रोध मिळाला. तथापि एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध केवळ ०.०१७ ओहम असतो. मापकाच्या जोडतारांचा आणि टोकांच्या स्पर्शाचा रोधच याहून अधिक भरू शकतो. सोन्याबरोबर पिशवीही तोलावी, तसा हा प्रकार होय. म्हणून प्रयोगशाळेत चार जोड देतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह जातो आणि आतल्या दोहोंवर केवळ दाब मोजला जातो. आतल्या जोडांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, म्हणून त्यांचा रोध मापात शिरत नाही.

या दोन मापांचे नातेही मोठे विलक्षण आहे. गुस्टाव वीडमान आणि रुडोल्फ फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांना १८५३ साली असे आढळले की, एकाच तापमानास बहुतेक धातूंमध्ये उष्णतावाहकता आणि विद्युद्वाहकता यांचे गुणोत्तर जवळजवळ सारखे असते. धातूत ही दोन्ही कामे मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉनच करतात, हे त्याचे कारण. हिऱ्याची गोष्ट मात्र निराळी. तो तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेतो, पण विजेला वाट देत नाही. कारण त्यात उष्णता अणूंच्या कंपनांतून जाते.

हे सारे प्रयोगशाळेपुरतेच आहे, असे मात्र समजू नये. आपल्या भिंतीतून गेलेल्या तारेवर घराची सुरक्षितता अवलंबून असते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दिसावयास हुबेहूब तांब्याची असते. पण तितक्याच जाडीस तिचा रोध सुमारे दीडपट असतो, आणि तोच प्रवाह वाहताना ती दीडपट उष्णता निर्माण करते. सैल जोड तर याहून घातक. पाणी तापविणाऱ्या उपकरणासाठी १० अँपिअर प्रवाह वाहत असता जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम असला, तरी त्या वाटाण्याएवढ्या जागी १० वॅट उष्णता सतत निर्माण होते. भोवतीचे प्लास्टिक मऊ पडते, करपते आणि कधी पेटही घेते.

म्हणून तार घेताना केवळ तिच्या रंगावर विसंबू नये. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि छेदाचे माप पाहून घ्यावे. एखादा प्लग वा बटण गरम लागू लागले, करपल्याचा वास आला, तर मुख्य बटण बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. स्वतः भिंतीतील तारांना हात लावू नये. हाताने फार तर इशारा मिळेल. निर्णय मात्र मापावरच सोपविणे शहाणपणाचे होय.