आपण दुभाषी कधी होणार?

राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा आटोपून आपण वसई स्थानकावर लोकलची वाट पाहत उभे असतो. कपाळावर राखेचा क्रूस असतो. रोजचा सहप्रवासी कुतूहलाने विचारतो, ‘‘आज हे काय?’’ आपण उत्तर देतो, ‘‘आमच्यात असतं तसं.’’ नायगाव येईपर्यंत रुमालाने कपाळ पुसूनही झालेले असते.

ज्याचा सण आपण वाजतगाजत साजरा करतो, तो संत गोन्सालो गार्सिया कोण होता? वसईत जन्मलेला, व्यापारानिमित्त जपानात वावरलेला आणि तेथील भाषा आत्मसात केलेला माणूस. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला. गुरुदीक्षा त्याला कधीच मिळाली नाही. १५९३ साली तो पुन्हा जपानला गेला, तो धर्मगुरूंचा दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याच्यासह २६ जणांना क्रुसावर ठार मारण्यात आले. त्यांतील १७ जण प्रापंचिक होते. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संत घोषित केले. आपण त्याला मखरात बसवले आणि त्याचे काम मात्र फादरांवर सोपवून मोकळे झालो. मिशन रविवारी पाकिटात नोट घातली की आपले प्रेषितकार्य संपले!

‘सध्याचे वातावरण पाहता गप्प राहणेच शहाणपणाचे,’ असे काही सुज्ञ सांगतात. धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५व्या कलमाने दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला, हेही खरे. पण कोणाचे धर्मांतर करा, असे येथे म्हणतोय कोण? विचारलेल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्या, एवढेच मागणे आहे. आपल्या मौनामागे कायद्याचे भय फारसे नाही. सांगण्यासारखे आपल्यापाशी काय उरले आहे, ही खरी अडचण आहे.

लग्नाच्या मंडपावर लाखोंची उधळण करणारे आपण, वाडीत राबणाऱ्या आदिवासी बाईच्या मजुरीतले दहा रुपये कापताना कचरत नाही. तिला शुभवर्तमान सांगायला कोणी जायला नको. आपले शुभवर्तमान ती हिशेबाच्या दिवशी ऐकतेच. आणि भाषेचे काय? इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठीतील ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. आपली नातवंडे मात्र प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणताना अडखळतात, आणि आपल्याला त्याचे कौतुक वाटते!

पुढच्या राखेच्या बुधवारी तो सहप्रवासी पुन्हा विचारील. ‘‘आम्ही माती आहोत, आणि आमचे चुकले आहे, हे कबूल करण्याचा आज दिवस,’’ हे एक वाक्य सांगायला कोणती गुरुदीक्षा लागते? त्यावर त्याने विचारले, ‘‘काय चुकले?’’ तर वाडीतल्या त्या मजुरीचे आपण त्याला सांगणार आहोत काय?