शिरेतून जाणारे तेल आणि आपले पच्चक्खाण



आज स्वयंपाकघरातल्या नाही, दवाखान्यातल्या तेलाबद्दल लिहिते आहे. पर्युषणानंतर दोघीतिघींनी मला एकच प्रश्न विचारला. आयसीयूत पेशंटला दुधासारखी पांढरी पिशवी लावतात, त्यात अंडे असते म्हणे, खरे का?

खरे आहे. आणि काही पिशव्यांत माशाचे तेलही असते.

आधी हे समजून घेऊ की ही पिशवी प्रत्येक पेशंटला लागत नाही. आतडी चालू असतील तर नाकातल्या नळीने पोटात अन्न देतात, ते आपण शाकाहारी मागू शकतो. आतड्याला पीळ पडला, आतड्याचा मोठा भाग काढावा लागला किंवा आतडे फुटून गळू लागले, तरच सगळे पोषण शिरेतून द्यावे लागते. साखर, अमिनो आम्ले, क्षार, जीवनसत्त्वे आणि तेल.

तेल पाण्यात मिसळत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तसेच रक्तात गेले तर फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या बंद होतील. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म थेंब करून प्रत्येक थेंबावर लेसिथिनचे आवरण चढवतात. अमेरिकेत आधी सरकीच्या तेलाचे असे औषध निघाले होते. त्याने ताप, कावीळ असे त्रास झाले आणि ते मागे घ्यावे लागले. स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांनी पुष्कळ प्रयोग करून सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातले लेसिथिन ही जोडी बसवली. १९६२ पासून ती इंट्रालिपिड नावाने वापरात आहे. पुढे ऑलिव्ह तेलाची आली, नारळाच्या तेलातून मिळणाऱ्या स्निग्धांशाची आली, पण आवरण अंड्याचेच राहिले. ऑपरेशनच्या वेळी भुलीसाठी देतात ते पांढरे प्रोपोफॉलही याच रेसिपीचे. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणींच्या अंगात हे न विचारताच जाऊन आले आहे. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन तर डुकराच्या आतड्यापासून काढतात, त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही!

आता हिशोब. साठ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ६० ग्रॅम तेल, म्हणजे वीस टक्क्यांचे ३०० मिली. त्यात अंड्याचे लेसिथिन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. पिशवी स्मॉफलिपिडची असेल तर त्या ६० ग्रॅमपैकी ९ ग्रॅम तेल माशाचे.

"मग तेल नकोच म्हणून सांगू. ओळीत आपण नऊ दिवस तेल-तूप सोडतोच की!" हे मी आमच्याच नात्यात ऐकले. बोलणाऱ्या काकूंची श्रद्धा खरी, पण तुलना चुकीची. आयंबिलात विगई सोडली तरी धान्यात आणि डाळीत थोडा स्निग्धांश असतोच. उपवासात तर शरीर स्वतःची साठवलेली चरबी काढून वापरते. शिरेतून रात्रंदिवस साखर चालू असली की रक्तात इन्सुलिन सतत चढे राहते आणि साठवलेली चरबी बाहेर येऊच शकत नाही. कोठार भरलेले, पण कुलूप लावलेले. असे दोन ते चार आठवडे गेले की त्वचा कोरडी पडून सोलते, केस गळतात, जखम भरत नाही. नुसत्या साखरेवर भर दिला की यकृतातही चरबी साठते. सत्तरच्या दशकात कातडीला सूर्यफुलाचे तेल चोळून हे टाळता येते का, तेही पाहिले गेले, पण त्यातून किती तेल आत जाईल याचा भरवसा नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. अंड्याच्या लेसिथिनवरून कोणी पेशंटचे तेल बंद करू नये. त्याला आज पर्याय नाही, आणि आपल्या पच्चक्खाणातच आजारपणासाठी, समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेला आहे. तो घालणारे आपल्यापेक्षा कमी धर्मनिष्ठ नव्हते. रात्रभर सलाईन चालले म्हणून चौविहार मोडला असे मानून रडणाऱ्या आजींना हे कोणीतरी शांतपणे सांगायला हवे.

माशाच्या तेलाचे तसे नाही. तिथे विचारायला जागा आहे. नुसत्या सोयाबीनची किंवा ऑलिव्ह-सोयाबीनची पिशवी चालेल का, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला? सोयाबीन तेलात ओमेगा-६ जास्त असते, म्हणून फार आजारी पेशंटला किंवा यकृत बिघडले असताना डॉक्टर माशाचे तेल असलेली पिशवी पसंत करतात. त्यांनी तसे कारण दिले तर मी हट्ट धरणार नाही. नुसती सवय म्हणून लावत असतील तर धरेन. आणि फक्त कमतरता टाळण्यापुरतेच तेल हवे असेल, तर सोयाबीनचे आठवड्यातून दोनदा देऊनही भागते, हेही विचारून ठेवावे.

औषधावर हिरवा ठिपका शोधू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ साली औषधांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर अशी खूण मागितली होती, तीही जीवरक्षक औषधे वगळून. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मात्र पिशवीवर किंवा आतल्या कागदावर घटक छापलेले असतात. 'फिश ऑइल' आणि 'एग लेसिथिन' किंवा 'एग फॉस्फोलिपिड' हे शब्द मुलांना वाचायला सांगा. अंडे, सोयाबीन, मासे किंवा शेंगदाणे यांची ॲलर्जी असेल तर ती पहिल्या मिनिटाला सांगायची. रक्तातले ट्रायग्लिसराइड तपासताहेत ना, हेही विचारायचे. ते ४०० च्या वर गेले तर तेल कमी करतात किंवा थांबवतात.

आपल्या संगमेश्वरहून गंभीर पेशंट रत्नागिरीला, डेरवणला नाहीतर आंबा घाटाने कोल्हापूरला जातो. तिथे पोचेपर्यंत पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसतो, आणि मग आयसीयूच्या दाराबाहेर दीर-जावांची चर्चा सुरू होते, ज्यात जिच्या शिरेत सुई आहे तिलाच कोणी विचारत नाही. मी माझ्या फाईलमध्ये रक्तगटाच्या कागदामागे एक चिठ्ठी लावली आहे: नळीने चालत असेल तर शाकाहारी अन्न द्यावे. शिरेतून द्यावे लागले तर तेल चालेल. माशाचे शक्यतो नको, डॉक्टरांनी गरजेचे म्हटले तर चालेल. खाली तारीख आणि सही. आमच्या ह्यांनीही वाचून आपली वेगळी लिहिली, त्यात मात्र त्यांनी माशाला साफ नाही म्हटले आहे.