तंजावरला मेट्रो नको, थांबे हवेत

तंजावर स्टेशनातून बाहेर पडून गांधीजी रस्त्याने उत्तरेला निघालं, की कालव्यावरचा पूल लागतो, मग जुना बसस्टँड, आणि डाव्या हाताला शिवगंगेच्या छोट्या कोटाच्या भिंतींवर उठलेलं बृहदीश्वराचं शिखर. थोडं पुढे गेलं की राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. गाव असं रेल्वेच्या कुशीत आहे. तरीही सत्तरी ओलांडलेली माझी आत्या, जिचा जन्म इथल्या मराठी घरातला, गेल्या खेपेला म्हणाली, “रेल्वे दारापर्यंत आली रे, पण उंबरा ओलांडायला अजून माणूस लागतो.” तिचं म्हणणं मी पुढे मुद्द्यांत मांडतो. मागणी एकच: मोठ्या खांबांवरची गाडी मागण्याऐवजी आहेत त्या रुळांवर छोट्या गाड्या वारंवार धावाव्यात, गावोगावी थांबे व्हावेत, आणि त्या कारभारात इथल्या लोकांचा हात असावा.

१. मेट्रोचं स्वप्न आधी बाजूला ठेवू. २०११ च्या जनगणनेत तंजावर शहराची वस्ती २,२२,९४३ होती. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातली अट वीस लाखांची आहे. कोइम्बतूर आणि मदुराईसारख्या कितीतरी मोठ्या शहरांचे प्रस्तावसुद्धा २०२५ च्या नोव्हेंबरात परत आले. मेट्रोलाइट आणि रबरी टायरची निओ ही धाकटी भावंडं कागदावर आली आहेत. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाव झळकूनही नाशिककर त्या निओची वाटच पाहत आहेत. तंजावरने या रांगेत उभं राहू नये. आणि तंजावरला उंच खांबांचा मार्ग मिळाला, तर त्याचं मला दुःखच होईल. ज्या गावात हजार वर्षं एका देवळाच्या विमानाचा कळस सर्वांत उंच राहिला, तिथे काँक्रीटची कमान त्याच्या आड येऊ नये.

२. आता १८९४ कडे या. या मुद्द्यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण खुद्द तंजावरकरांच्याही तो विस्मरणात गेला आहे. नागपट्टणमहून तंजावरपर्यंत रूळ १८६१ साली आले, ते एका ब्रिटिश कंपनीचे. पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा दक्षिणेकडचा भाग, भाताची कोठारंच्या कोठारं, रेल्वेवाचून राहिला. तेव्हा तंजावर जिल्हा बोर्डाने कुणाकडे अर्ज करत बसण्याऐवजी जमिनीवर रुपयामागे तीन पैंची पट्टी बसवली. रुपयाच्या १९२ पै, म्हणजे ही पट्टी रुपयाचा चौसष्टावा भाग, सुमारे दीड टक्का. त्या पट्टीच्या बळावर मायावरम (आजचं मायिलाडुतुरै) ते मुत्तुपेट असा ५४ मैलांचा मीटरगेज मार्ग उभा राहिला आणि एप्रिल १८९४ मध्ये त्यावर गाडी धावली. पुढे तो पट्टुक्कोट्टैवरून अरंतांगीपर्यंत गेला. मालकी जिल्हा बोर्डाची, गाड्या चालवणार साउथ इंडियन रेल्वे कंपनी. देशात एखाद्या जिल्हा बोर्डाने स्वतःच्या पट्टीवर बांधलेल्या पहिल्यावहिल्या रेल्वेंपैकी ही एक.

याच दशकात आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वे आली, १८९७ साली. तिच्या आधी नाशकात गावापासून नाशिकरोड स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम होती. ती दोन्ही कामं आपल्याला अभिमानाची, पण ती कंपन्यांची होती. तंजावरची गोष्ट वेगळी: तिथे भात पिकवणाऱ्या मिरासदाराने आणि लहान शेतकऱ्याने पट्टी भरून रूळ विकत घेतले. लाइट रेल म्हणजे परदेशातून आणलेला चकचकीत डबा, असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तीन पैंची रेल्वे आठवावी.

३. ते रूळ आज कुठे आहेत? जागच्या जागी, आणि आता ब्रॉडगेजचे. तिरुवारूर ते कारैक्कुडी हा सुमारे दीडशे किलोमीटरचा मार्ग २०१९ च्या जूनमध्ये पुन्हा खुला झाला. तिरुत्तुरैपूंडी ते अगस्त्यंपळ्ळी हा ३७ किलोमीटरचा फाटा ८ एप्रिल २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. मिठागरांच्या मालाला त्याचा उपयोग. करोडो रुपये रुळांत गेले, हे चांगलंच झालं. पण कारैक्कुडीच्या गाडीची सुरुवातीची अवस्था आठवा. फाटकांवर माणसं नव्हती. गाडी फाटकाआधी थांबायची, गाडीतलाच एक कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, दुसरा कर्मचारी फाटक उघडून धावत मागच्या डब्यात चढायचा. दीडशे किलोमीटरला सहा तासांहून जास्त लागत. अशा गाडीत शाळेची मुलगी बसणार नाही, डॉक्टरकडे निघालेला म्हातारा तर नाहीच. लोक बसने गेले, मग म्हटलं गेलं की प्रवासी नाहीत.

तंजावरहून तीन दिशांना रूळ निघतात: तिरुच्चीकडे, कुंभकोणमकडे, तिरुवारूरकडे. हे शहराचे तीन हात आहेत. त्यांवर दोन-तीन डब्यांच्या गाड्या ठरलेल्या मिनिटाला, दिवसभर, सारख्या अंतराने धावल्या, तर त्यालाच मी लाइट रेल म्हणेन. जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहराने १९९२ मध्ये नेमकं हेच केलं: गावातली ट्राम मोठ्या रेल्वेच्या रुळांवर चढवली, वाटेत नवे थांबे बांधले, आणि खेड्यातला माणूस न उतरता बाजारपेठेत आला. तंजावर–कुंभकोणम मार्ग अजून एकेरी आहे, ही खरी अडचण. म्हणून त्याच्या दुहेरीकरणाची मागणी मेट्रोच्या कुठल्याही मागणीच्या आधी यावी.

४. थांबा म्हणजे काय, हे तंजावरच्या भोसल्यांना शिकवावं लागत नव्हतं. रामेश्वरच्या वाटेवर त्यांनी छत्रं बांधली. वाटसरूला तिथे अन्न मिळे, निवारा मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, मुलांना शिकवणारा पंतोजी असे. दुसऱ्या सरफोजींनी आपल्या प्रेयसी मुक्तांबाळच्या नावाने ओरत्तनाडूला बांधलेलं छत्र त्यांतलं सर्वांत देखणं. प्रवास करणारा माणूस थकतो, भिजतो, त्याला तहान लागते, हे धरून चालणारी ती व्यवस्था होती.

आजचा खेड्यातला थांबा पाहा: उघडा फलाट, पत्र्याचा तुकडा, गाडीची पायरी कमरेइतकी उंच. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस इथे आडवा येतो. १६ नोव्हेंबर २०१८ ला गज चक्रीवादळाने वेदारण्यम भागातल्या नारळाच्या बागाच्या बागा झोपवल्या. म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक थांब्याला वादळ सोसणारं पक्कं छप्पर, गाडीच्या जमिनीशी समपातळीत येणारा फलाट, प्यायचं पाणी, बायकांसाठी कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह, आणि गाडी किती वाजता येणार हे तमिळमध्ये ठळक अक्षरांत. खर्चाच्या मानाने याचा उपयोग नव्या इंजिनापेक्षा जास्त.

५. गावात ट्राम घालावी का? स्टेशन, जुना बसस्टँड, बृहदीश्वराचं मोठं देऊळ, राजवाडा हा पट्टा पाहून मलाही मोह होतो. पण चार राजवीथींत रूळ आणि वर तारा घालायला माझा ठाम विरोध आहे. मोठ्या देवळाचा रथ सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर २०१५ मध्ये पुन्हा या रस्त्यांनी फिरू लागला. आणि २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे तंजावरजवळच्या कळिमेडूत उत्सवाचा रथ उच्च दाबाच्या तारेला लागून अकरा माणसं गेली, त्यांत मुलं होती. त्या गावाच्या शेजारी रथाच्या वाटेवर विजेची नवी तार कुणी सुचवू नये.

तारेवाचून ट्राम चालत नाही असं नाही. बोर्दोमध्ये २००३ पासून ती रुळांमधल्या पट्टीतून वीज घेते. खुद्द मद्रासची ट्राम, १८९५ ची, देशातली पहिली विजेवरची, सुरुवातीला रस्त्याखालच्या खाचेतूनच वीज घेत होती. पावसाने ती पद्धत टिकू दिली नाही, मग तारा आल्या. आणि १९५३ मध्ये ट्रामच गेली. तोच ईशान्य मोसमी पाऊस तंजावरलाही येतो. म्हणून गावात बॅटरीवरच्या बुटक्या छोट्या बस, त्यांना राखीव मार्गिका, आणि रेल्वेच्या थांब्यांसारखेच गाडीच्या जमिनीशी समपातळीतले ओटे असलेले थांबे. गाडी सुटण्याच्या वेळेशी बसची वेळ बांधलेली असावी. रूळ गावाबाहेर, चाकं गावात, तिकीट एक.

६. तिकिटावरून आठवलं. तमिळनाडूत २०२१ पासून साध्या टाउन बसमध्ये बायकांना तिकीट नाही. घरकाम करणारी, फुलं विकणारी, शेतमजूर बाई त्यामुळे रोज घराबाहेर पडू शकते. रेल्वेच्या आराखड्यात हे धरलं नाही, तर गाडी पाच मिनिटं आधी पोचली तरी ती बाई त्यात बसणार नाही, आणि बसायला सांगण्याचा आपल्याला हक्कही नाही. राज्याने बससाठी दिलेली सवलत थांब्याथांब्याच्या गाडीलाही द्यावी, आणि तिचा भार रेल्वेला भरून द्यावा. अभियंत्यांच्या कागदात हा मुद्दा कधीच पहिल्या पानावर नसतो.

७. मालकी कुणाची? हा सर्वांत अवघड प्रश्न, आणि इथे मी स्वतःच्याच म्हणण्याला एक आक्षेप घेतो. मुंबईची ट्राम १९४७ मध्ये महापालिकेच्या ताब्यात आली आणि तरीही ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. म्हणजे गावाची मालकी असली की गाडी वाचते, असं नाही. मालकानेच मोटारींच्या सोयीसाठी रस्ता मोकळा करायचं ठरवलं, की ट्राम अडगळ होते. तरीही मालकी दूर गेली की काय होतं, ते तंजावरने अनुभवलं आहे. जिल्हा बोर्ड संपलं, रेल्वे सरकारी झाली. जिल्ह्याचेही तुकडे झाले: १९९१ मध्ये नागपट्टणम वेगळा, १९९७ मध्ये तिरुवारूर, २०२० मध्ये मायिलाडुतुरै, अरंतांगी तर आधीच पुदुक्कोट्टैत. तीन पैंच्या पट्टीने बांधलेला एक मार्ग आज चार जिल्ह्यांतून जातो आणि त्याचा धनी म्हणून एकही जिल्हाधिकारी उभा राहत नाही.

म्हणून चारही जिल्हे, २०१४ मध्ये महानगरपालिका झालेलं तंजावर, आणि दक्षिण रेल्वे यांचं एक कायद्याने स्थापन झालेलं वाहतूक मंडळ हवं. रूळ रेल्वेचेच राहोत. वेळापत्रक, थांबे आणि बसची जोडणी मंडळाने ठरवावी. पैशासाठी थांब्यांच्या परिसरातल्या मालमत्ता करावर एक लहान अधिभार, शेतजमिनीला त्यातून सूट, आणि जमा-खर्च दर वर्षी प्रत्येक थांब्याच्या भिंतीवर लावलेला. लोक कराला घाबरतात असं म्हणतात. इथले लोक एकेकाळी रुपयामागे तीन पै देत होते, कारण गाडी दिसत होती.

८. शेवटचा मुद्दा, आणि तोच माझ्या मनात पहिला. पट्टुक्कोट्टैला रेल्वे आहे, जिल्हा बोर्डाच्या काळापासून. पण ती तिरुवारूर–कारैक्कुडी मार्गावरची. तंजावरशी सरळ रूळ नाही. आपल्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी, मोठ्या रुग्णालयात, कॉलेजात जायचं तर पट्टुक्कोट्टैकराला रस्ताच धरावा लागतो. तंजावर–ओरत्तनाडू–पट्टुक्कोट्टै मार्गाची मागणी पिढ्यान्पिढ्यांची आहे. नव्या मंडळाने हेच काम पहिलं हाती घ्यावं, आणि दर पाचेक किलोमीटरवर थांबा देणारा हलका मार्ग म्हणूनच त्याची आखणी करावी. ओरत्तनाडूचा थांबा मुक्तांबाळच्या छत्राजवळ यावा, म्हणजे पावसात गाडीची वाट पाहणाऱ्याला ते दिसेल.