मोरीच्या जाळीवरची वाळूची पिशवी

अंबरनाथला चुलतभावाकडे मुक्कामाला होतो. रात्री झोपण्यापूर्वी वहिनींनी मोरीत दोन तांबे पाणी ओतले, जाळीवर जुन्या अभ्र्यात शिवलेली वाळूची पिशवी ठेवली आणि दार ओढून घेतले. मी विचारले, ‘‘वहिनी, झुरळं येतात का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘झुरळं परवडली, भाऊजी. वास येतो. दीड-दोन वाजल्यानंतर. डोळे चुरचुरतात, नातू खोकत उठतो. पिशवी ठेवली की जरा कमी होतो.’’ दुधावर झाकण ठेवल्याचे सांगावे, त्या सुरात त्यांनी हे सांगितले. माणसाला कशाचीही सवय होते हे खरे. पण विषारी हवेचा बंदोबस्त हे रोजचे घरकाम होऊन बसावे?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वास हा विषय नवा नाही. कारखान्याचा वास वाऱ्याबरोबर खिडकीतून येतो अशी आपली समजूत असते आणि ती पुष्कळदा बरोबरही असते. पण काही घरांत खिडक्या बंद केल्यावर वास वाढतो. याचा अर्थ तो बाहेरून नव्हे, खालून येत असतो.

प्रत्येक मोरीखाली प्लंबर मंडळी ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात तो असतो. त्यात साधारण दोन इंच पाणी साठून राहते. तुमचे घर आणि गावाचे गटार यांच्यामधली भिंत म्हणजे तेवढे पाणी! उन्हाळ्यात बंद खोलीतले ते आटते. छतावर जाणारा हवेचा पाइप तुंबला वा बसवलाच नसला की गटारातली हवा दाबाने ते पाणी ढकलून वर येते. गटारात केवळ मैला असेल तर येतो तो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्यातच कोणी आम्ल ओतले, तर सांडपाण्यातल्या सल्फाइडमधून तोच वायू एकदम मोठ्या प्रमाणात सुटतो. द्रावके ओतली तर त्यांची वाफ नळ्यांतून फिरत राहते. या वायूचे आणखी एक कपट असे, की प्रमाण वाढले की तो नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे मुळीच नाही.

ही केवळ शंका नव्हे. ३० एप्रिल २०२३ रोजी लुधियानाच्या गियासपुरा भागात ११ माणसे गेली. संशयाचे बोट गटारातल्या वायूकडेच होते. ११ जून २०२४ रोजी पुदुच्चेरीत रेड्डियारपाळयम भागात गटारातला वायू घरांच्या संडासांतून वर आला आणि तीन जणी मृत्युमुखी पडल्या. त्यांतली एक १५ वर्षांची मुलगी होती. सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले आणि सहा कामगार मेले.

आपल्याकडे हे घडायचे आहे, असे समजू नका. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या कुशीतून वाहते. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा. मंदिर साडेनऊशे वर्षे टिकले. नदीचा नाला व्हायला मात्र काही दशके पुरली. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात याच नदीत रात्रीच्या अंधारात रसायन ओतले गेले आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना उलट्या, मळमळ, श्वासाचा त्रास होऊन रुग्णालय गाठावे लागले. ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१५ मध्ये उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल प्रक्रिया केंद्रे व नगरसंस्थांना मिळून ९५ कोटींचा भुर्दंड सुनावला. पुढे ३ जून २०२१ च्या रात्री बदलापुरात आणि १२ सप्टेंबर २०२४ च्या रात्री अंबरनाथमध्ये कारखान्यांतून वायुगळती झाली. त्या बातम्या छापून आल्या, कारण वायू उघड्यावर पसरला होता. मोरीतून थोडा थोडा येणारा वायू बातमी होत नाही.

माझ्या पुतण्याने तक्रार केली होती. पहिल्या कार्यालयाने सांगितले, सोसायटीच्या आवारातले गटार तुमचे. दुसऱ्याने सांगितले, वास हा आमचा विषय नाही. तिसऱ्याने माणूस पाठवला, पण सकाळी अकरा वाजता! शेरा आला, ‘तपासणीच्या वेळी वास आढळला नाही. तक्रार निकाली.’ रात्री फुटणाऱ्या तिजोरीची पाहणी भरदुपारी करून ‘चोर आढळला नाही’ म्हणण्यासारखेच हे.

मी बँकेत हयात घालवली. दिवसअखेरीस एका रुपयाचा फरक आला तर आम्ही रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसत असू. रुपयासाठी नव्हे, तो कुठे गेला हे कळावे म्हणून. पाण्याचा असा ताळा का घेऊ नये? कारखान्याने मीटरवर किती पाणी घेतले, मालात आणि वाफेत किती गेले, सामाईक प्रक्रिया केंद्रात किती पोचले, आणि घातक कचरा टँकरने गेला असेल तर त्याच्या मॅनिफेस्टच्या रंगीत प्रती दोन्ही टोकांना जुळतात का? कागद आहेत, मीटर आहेत. कायदाही आहे: १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २४ मध्ये नदी आणि विहिरीच्या जोडीला ‘गटार’ हा शब्द स्पष्ट आहे. जो फरक येईल, तो कुठल्या तरी नाल्यात आणि शेवटी कुणाच्या तरी मोरीत जमा झालेला असतो.

पण उपदेश करण्यापूर्वी एक कबुली द्यायला हवी. याच पट्ट्यातल्या छोट्या रासायनिक कारखान्यांची कर्जप्रकरणे मी मंजूर केली आहेत. यंत्रे मोजली, गोदामातली पिंपे मोजली, विजेची बिले पाहिली. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची झेरॉक्स जोडली आहे की नाही एवढेच पाहून त्या रकान्यात खूण केली. सांडपाणी कुठे जाते, हा प्रश्न मी एकाही मालकाला विचारला नाही. त्यांनी प्रक्रियेचा खर्च वाचवून नफा दाखवला असेल, तर त्या नफ्यावर हप्ते वेळेवर आले आणि माझी शाखा ‘उत्तम’ ठरली. आज वहिनींच्या मोरीतून वर येते, त्यात माझ्या सहीचाही अंश नसेलच असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

कारखाने बंद करा, असे मी म्हणत नाही. त्यांच्यावर हजारो चुली पेटतात. मागणे साधे आहे. रात्री तक्रार येताच वायुमापक घेऊन निघणारे पथक हवे. जिथे वास आला त्या घरापासून एकेक चेंबर तपासत उलट दिशेने उगमापर्यंत जाणारा शोध हवा. पाण्याचा ताळा दरमहा फलकावर लागायला हवा. आणि रहिवाशांनी वही ठेवावी: तारीख, वेळ, कोणती मोरी, कोणाला काय त्रास. डोळे जळू लागले, डोके गरगरले तर ताबडतोब घराबाहेर पडावे. वास कुठून येतो ते पाहायला काडी पेटवू नये, चेंबरचे झाकण तर मुळीच उघडू नये.

निघताना वहिनींना एक दोनशे पानी वही दिली. त्या हसल्या. ‘‘उधारीची वही वाटते, भाऊजी!’’ मी म्हटले, ‘‘उधारीचीच आहे. फक्त या वेळी येणेकरी तुम्ही आहात.’’