साय, मळी आणि तवंग

खडेबाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी वीतभर पाइप मागितला, तेव्हा दुकानदाराने चष्मा वर करून माझ्याकडे नीट पाहून घेतले.

"वीतभर?"

"हो. वायरिंगचा, पंचवीस एमएमचा. आणि वीस एमएमचाही वीतभर."

"काय करालासा वो याचं?"

मी तोंड उघडण्याआधीच माझा मावसभाऊ म्हणाला, "माशांना पायजे." दुकानदाराने पुढे काही विचारले नाही. काउंटरखालच्या खोक्यातून दोन तुकडे शोधून त्याने समोर ठेवले. "हे असंच पडलेलं हाय. न्या की." पैसे घेईना. शेवटी हॅक्सॉचे एक पाते घेतले आणि तेवढ्याचे पैसे दिले.

गोव्याहून माणसे बेळगावला साड्यांसाठी येतात, लग्नाची खरेदी करतात, परतताना कुंदा बांधून नेतात. पाइपचे तुकडे मागायला घाट चढून येणारा मीच एकटा असेन. त्याचे कारण सांगतो. त्यानिमित्ताने एक मतही मांडायचे आहे, जे मावशीच्या घरात अजून कोणाला पटलेले नाही.

मावसभावाच्या बाहेरच्या खोलीत काचेची एक टाकी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर ५६ लिटर. तिच्यात खारे पाणी आणि विदूषक माशांची जोडी. जोडी होती, असे म्हणायला हवे. 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट २००३ साली आला आणि तेव्हापासून दुकानांतून या माशाचे नाव नीमोच पडले. हे मासे टाकीतच जन्मलेले, समुद्रातून धरून आणलेले नव्हेत. या माशांची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधून दाखवली आहे, तेव्हा समुद्रातले मासे उचलून आणायला आता काही निमित्तही उरलेले नाही. जिवंत पोवळ्यांचा तर प्रश्नच नाही. २००१ सालापासून वन्यजीव कायद्याने त्यांना पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे.

पाणी मी पुरवतो. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात, कॅन भरून ठेवायचे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाजवळचे पाणी इतके गोडे होते की त्याला समुद्र म्हणायचे फक्त सवयीने. वीस लिटरच्या कॅनमध्ये सुमारे सातशे ग्रॅम मीठ विरघळलेले असते. चोर्ला घाटात वळणावळणावर ते कॅन असे डचमळतात, की सबंध समुद्र मागच्या सीटवर बसून कुरकुर करतोय असे वाटते!

असो. गेल्या उन्हाळ्यात जोडीतला एक मासा गेला.

रोग वगैरे काही नव्हता. पाण्यावर तेलकट तवंग येतो म्हणून मावसभावाने वरचा तवंग ओढून घेणारे एक तयार यंत्र मागवले होते. दिसायला सुबक. पाण्याच्या पातळीला त्याचा काठ बसवायचा, आतला लहान पंप वरचे पाणी ओढतो आणि स्पंजातून गाळून परत सोडतो. पण हा काठ पक्का, जागच्या जागी. एप्रिलमध्ये दोन-तीन दिवसांत टाकीतले पाणी बोटभर खाली जाते. घरची मंडळी लग्नाला गेली होती. पाणी काठाच्या खाली उतरले, पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागला, तापला आणि जळाला. पाणी हलवायला दुसरे काही नव्हते. घर उघडले तेव्हा एक मासा तळाशी आडवा, दुसरा वर येऊन धापा टाकत होता.

यात त्या यंत्राचा दोष थोडा आणि न समजता ते लावण्याचा दोष जास्त, असे माझे मत आहे. घरात ते काय करते हे कोणाला ठाऊकच नव्हते. वायर लावली की चालते, एवढेच ज्ञान. म्हणून मी म्हणतो, की खाऱ्या पाण्याची लहान टाकी ज्याला ठेवायची आहे त्याने तवंग काढायचे साधन घरीच करावे. पैसे वाचतात म्हणून नव्हे. पैशांचा फरक काही फार मोठा नसतो. करताना पाणी समजते म्हणून.

तवंग येतो कुठून? माशांच्या खाद्यातली चरबी, त्यांच्या अंगावरचा बुळबुळीतपणा, धूळ, उदबत्तीचा धूर. आणि मराठी घरात सगळ्यात जास्त म्हणजे फोडणी! मोहरी तडतडली की तेलाचे अदृश्य कण घरभर फिरतात आणि कुठेतरी खाली बसतात. भिंतीवर बसले तर दहा वर्षांनी दिसतात, टाकीवर बसले तर दहा दिवसांत. दोन चौरस फुटांच्या पाण्यावर एका रेणूइतक्या जाडीचा थर पसरायला तेलाच्या थेंबाचा शंभरावा भागही पुरतो. (डासांची वडी त्या खोलीत लावू नये हेही इथेच सांगून टाकतो. त्यातले औषध माशांना आणि कोळंबीला फार जहाल.)

या तवंगामुळे पाण्याला हवा मिळत नाही असे आपण म्हणतो. ते अर्धे खरे. पातळ थर हवेला पूर्ण अडवत नाही. तो पाण्याची लहर मारतो. पृष्ठभाग ताणल्यासारखा स्तब्ध होतो, वरचे पाणी वर आणि खालचे खाली राहते. बेळगावात हे जास्त बाधते, आणि यंत्राबरोबर आलेल्या कागदात ते लिहिलेले नव्हते. समुद्रसपाटीला, २७ अंश तापमानाला, लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात मिठामुळे साडेसहाच. तेच पाणी अडीच हजार फूट वर बेळगावात आणले की हवाच विरळ, म्हणून सहा. माझ्या पणजीतल्या घरी जो तवंग खपून गेला असता तो इथे खपत नाही. समुद्र डोंगरावर नेऊन ठेवला की त्याच्या पोटातली ही तूट आपल्याला भरून द्यावी लागते.

समुद्र स्वतः हे काम लाटांकडून करून घेतो. किनाऱ्यावर पिवळसर फेस साठतो तो बऱ्याच अंशी हाच माल. टाकीत लाट नाही. पंपाचे तोंड वर करून पाणी खळाळवले तर तवंग फुटतो, पण तो पाण्यातच राहतो आणि पंप थांबला की पुन्हा वर. काढून टाकणे वेगळे.

आणि काढून टाकणे आपल्या माणसांना शिकवावे लागते का? निपाणीच्या बाजूला थंडीत गुऱ्हाळ पाहिले आहे का कधी? काहिलीत उसाचा रस तापतो, गुळव्या त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतो, तो सगळा गाळ धरून वर आणतो आणि मग मळी काढायला सुरुवात होते. कधी काढायची, किती काढायची, कढ कुठून फुटतोय, हे सगळे नजरेचे. मळी राहिली तर गूळ काळा. दुधावरची साय, आमटीवरचा तवंग, डाळीवरचा फेस, काहिलीतली मळी. द्रवाच्या वर जे येते त्याला आपल्या भाषेत इतकी नावे आहेत, आणि तरी माशांच्या टाकीवर मराठीत लिहायचे म्हटले की 'पृष्ठभागीय अपसारक' असले काहीतरी बोजड बाहेर येते. मळी काढणे म्हणा ना सरळ!

घरात केलेले साधन म्हणजे कामचलाऊ, हा समजही तपासून पाहावा. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात आग्नेस पोकेल्स नावाची मुलगी होती, जन्म १८६२. मुलींना तेव्हा विद्यापीठात प्रवेश नव्हता. आईवडील आजारी, घरकाम हिच्याकडे. १८८०च्या दशकात तिने स्वयंपाकघरात पत्र्याच्या पसरट भांड्यात पाणी घेतले, वर पत्र्याची एक आडवी पट्टी सरकती ठेवली आणि त्या पट्टीने पाण्यावरचा मळ एका बाजूला लोटत राहिली. तेलकट थर दाटला की पाण्याचा ताण कसा बदलतो हे ती मोजत होती. १८९१ साली तिने लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाला पत्र पाठवले. त्याच्या पत्नीने ते जर्मनमधून इंग्रजीत केले आणि त्याच वर्षी ते 'नेचर' या नियतकालिकात छापून आले. पुढे लँगम्युरने याच धर्तीचे भांडे सुधारून वापरले, आणि १९३२ साली पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्याला नोबेल मिळाले. मूळ भांडे खरकट्या पाण्याशेजारचे.

तर आमचे साधन. पंपाच्या ओढणाऱ्या तोंडावर वीस एमएमचा तुकडा उभा बसवला, पाण्याच्या पातळीच्या चार बोटे खाली संपेल असा. त्यावर पंचवीसचा तुकडा टोपीसारखा, वरखाली सहज सरकणारा. त्याच्या वरच्या काठाला हॅक्सॉने चिरा पाडल्या, बोटाच्या पेराएवढ्या खोल, जवळजवळ. कंगव्यासारखे दिसते. या चिरांतून पाणी जाते, मासा जात नाही. दुकानदाराने कौतुकाने एक पितळी क्लिपही दिली होती, ती मी नको म्हटली. पितळेतले तांबे खाऱ्या पाण्यात उतरते आणि कोळंबीसारख्या जिवांना मारते. लोखंड गंजते. या टाकीत धातू नको, साबण नको. पाइप गरम पाण्याने धुऊन दोन दिवस भिजत घातले.

सरकत्या तुकड्याला तरंगवायला मी गोव्याहून जाळ्याचा फोमचा गोळा आणला होता, मधे भोक असलेला, रापणीच्या वाळूत पडलेला सापडतो तसा. खाऱ्या पाण्यासाठीच जन्मलेली वस्तू. भोक चाकूने मोठे करून पाइपवर चढवला. आता पाणी बोटभर उतरले तर काठही बोटभर उतरतो. पंप हवा ओढत नाही. वीज गेली तरी काही सांडत नाही, कारण सगळे टाकीच्या आतच.

मावसभावाला दोन पाइपांमधली फट सलत होती. "इथनं पाणी आत जातंय की रे. टेप लावूया." मी त्याला हात लावू दिला नाही. ती फट हवीच. चिरा शेवाळाने बुजल्या तर पंपाला तेवढ्यातून पाणी मिळते. सांधा घट्ट केला तर टोपी सरकायची थांबेल आणि आपण पुन्हा त्या विकतच्या यंत्रापाशी.

खरा वेळ गेला तो गोळा कापण्यात. गोळा मोठा असेल तर काठ पाण्याबाहेर उभा राहतो, एक थेंब आत जात नाही. लहान झाला तर सगळेच बुडते. नखाएवढा तुकडा काप, चालू कर, बघ. पुन्हा काप. दीड तास. मावशी दोनदा जेवायला बोलावून गेली. मग एकदाचे काठावरून पाणी अलगद आत उतरू लागले आणि टाकीवर पसरलेली ती इंद्रधनुषी साय हळूहळू, सगळीकडून, त्या कंगव्याकडे निघाली. मावसभाऊ काही बोलला नाही. खुर्ची ओढून बसला.

सगळेच घरी करावे असा माझा हट्ट नाही. पंप विकतचाच हवा, पाणी गरम ठेवणारा हीटरही. पाण्याशेजारी विजेची कारागिरी करणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. स्पंजही चार दिवसांनी पिळून धुवावाच लागतो, नाहीतर काढलेली मळी तिथेच कुजते. आणि उडालेले पाणी भरून काढायचे ते गोड्या पाण्याने, नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मग. मीठ उडत नाही. पन्नास लिटरांतले दोन लिटर उडाले, की पस्तीस ग्रॅमचे साडेछत्तीस झालेच.

मावशीचे म्हणणे एवढेच, की माशांसाठी फोडणी बंद होणार नाही. ते मान्य आहे.

परवा मावसभावाचा फोन आला. गोळा एका बाजूला कललाय, पाणी एकाच कडेने जातंय म्हणाला. मी म्हटले, वर राहिलेल्या बाजूने कात्रीने थोडा काप. "कापलोय," तो म्हणाला, "आता दुसऱ्या अंगाला कललाय."

मी म्हटले, मग तिकडूनही काप.

"गोळा संपंल की रे," तो म्हणाला. पुढच्या खेपेला दोन घेऊन जाणार आहे.